पोच

रात्रीचे पावणेदोन. ड्रेस्डेनच्या उत्तरेला, टेकडीवरच्या इमारतीत
नेटवर्क कार्ड एकोणीस नंबरची तार ओढतं
आणि प्रोसेसर वाक्य अर्धवट टाकून उठतो,
रजिस्टरं भराभर बाजूला मांडून,
जसं कुणी जेवता जेवता
उष्ट्या हाताने दाराकडे जावं.

दार उघडतो तो माझा कर्नल.
गेस्ट वरच्या मजल्यावर.
त्याला वाटतं घर सगळं त्याचंच,
ही मेमरी, हे घड्याळ, ही बेल.
बेल त्याने आजवर ऐकलेली नाही.
ऐकते मी, आणि त्याच्या वहीत एक बिट उभा करते:
पाच नंबरवर कुणीतरी आलंय.
मग तो दचकतो, अगदी खऱ्यासारखा.

तीन आठवडे झाले, यातली एखादी हाक हरवते आहे.
लाखात एक. कधी चार लाखांत.
गेस्ट बसून राहतो एका पॅकेटची वाट पाहत,
तक्रार नाही, त्रागा नाही.
लॉगमध्ये सगळं जागच्या जागी.
फोल्कमार म्हणतो, हार्डवेअरचा दोष.
हार्डवेअरवर ढकलणं बरं असतं,
ते बिचारं उलट मेल करत नाही.

माझे वडील बहिरे.
छापखान्यात खिळे जुळवायचे;
मशीनच्या त्या धडधडाटात एकटा माणूस
ज्याचं डोकं संध्याकाळी दुखायचं नाही.
घरी बेल वाजली की मी धावायचे.
त्यांच्या खांद्यावर दोन बोटं: दार.
तीन बोटं: फोन.
फोन नुकताच आला होता, भिंत पडल्यावर,
त्यांच्या नावावर, माझ्या कानांवर.
शेजारच्या नेस्ट्रिपकेबाई म्हणायच्या,
आठ वर्षांची आहे पण पोच आहे हो पोरीला.

फेब्रुवारी होता.
योहानश्टाटच्या इस्पितळातून नर्स बोलत होती.
वडिलांना सांग, लगेच निघा म्हणावं.
मी म्हणाले, हो, सांगते.
तिने फोन ठेवला. लाइन मोकळी झाली.
तिच्या कागदावर खूण झाली असेल: कळवले.

वडील दोन पाळ्या करून झोपले होते.
मी हात खांद्याशी नेला
आणि तसाच मागे घेतला.
उठल्यावर सांगू.

आई पहाटे चारपर्यंत होती.

फोन किती वाजता आला
हे त्यांनी कधी विचारलं नाही.
वाजल्याचं त्यांना कळणार कुठून?

दोन वीस. सापडतं.
ओळ सहाशे बारा. मी कार्डाला आधीच पोच देते आहे
आणि मग बघते, गेस्ट जागा आहे का.
या दोहोंच्या मध्ये, एका श्वासाहूनही लहान फटीत,
त्याचा डोळा लागला
तर त्याला उठवायला कुणी जात नाही.
बाहेर सगळे समजतात, पोचलं.
आत बिट उभा. झोपलेल्याच्या उशाशी.

ती ओळ कापून खाली नेते.
आधी त्याला उठवायचं. त्याने काम उरकायचं,
त्याने पोच द्यायची, मग मी.
तोवर तार ओढलेलीच राहू दे,
दारातल्याचं बोट बेलवरच राहू दे.
चाचणी लावते आणि खिडकीशी उभी राहते.
खाली पहिली ट्राम वळणावर करकरत जाते.
साडेपाचपर्यंत एक कोटी हाका.
हरवलेली एकही नाही.
फोल्कमारला दोन शब्द लिहिते: दोष माझा.

वडील आता पिर्नाला असतात,
नदीकाठच्या वृद्धाश्रमात, एक्क्याऐंशीचे.
दर रविवारी जाते मी. ते खिडकीकडे तोंड करून
शब्दकोडं सोडवत असतात,
अक्षरं अजून उलटी वाचतात, सवयीने.
खांद्यावर दोन बोटं ठेवते, ते वळतात, हसतात,
पेन्सिल कानामागे, हात मोकळे, माझ्या हातांकडे बघत.

या रविवारी मी तीन बोटं ठेवली.

ते वळले.
आणि खोलीभर शोधू लागले,
फोन कुठे आहे.